गाडीसाठी जीपीएस घेण्याआधीची तयारी

दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी आपल्याला चालकाला रस्ता दाखवणारे यंत्र हवे आहे की गाडी कुठे आहे हे घरी बसलेल्या माणसाला कळवणारे, हे ठरवून घ्यावे. दोन्ही वस्तू बाजारात ‘जीपीएस’ म्हणूनच विकल्या जातात. दुसरी वस्तू म्हणजे ट्रॅकर. त्याला पडदा नसतो, सिमकार्ड लागते आणि बहुतेक वेळा वार्षिक शुल्कही भरावे लागते. प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांना एआयएस 140 या मानकाप्रमाणे असे उपकरण बसवावे लागते; खासगी गाडीच्या मालकाने ते घ्यायचे की नाही, हा त्याचा प्रश्न आहे. यापुढचे सर्व विवेचन रस्ता दाखवणाऱ्या यंत्रापुरते आहे.

त्यानंतर एका कागदावर आपण वर्षभरात ज्या रस्त्यांनी जातो ते रस्ते लिहून काढावेत, कारण यंत्राची निवड गाडीच्या मॉडेलवरून नव्हे, तर या कागदावरून होते. ज्यांचा प्रवास ठाणे, पुणे, नाशिक अशा शहरांतच होतो, त्यांना रहदारीची ताजी माहिती सर्वांत महत्त्वाची असते. त्यांनी फोन आणि एक मजबूत होल्डर एवढ्यावर समाधान मानले तरी चालते. गाडीच्या स्टिरिओमध्ये अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असेल तर तोच नकाशा मोठ्या पडद्यावर दिसतो, म्हणून वेगळा खर्च करण्याचे कारण उरत नाही. मात्र ज्यांच्या कागदावर ताम्हिणी, अणुस्कुरा, भुईबावडा, मेळघाट किंवा भामरागड ही नावे येतात, त्यांनी नेटवर्क नसताना काम करणारा नकाशा ही पहिली अट धरावी. माझ्या मते पडद्याचा आकार, रॅम, आवाजाची गोडी या सगळ्या गोष्टी त्या अटीनंतर येतात.

या अटीमागचे कारण नीट समजून घ्यावे. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांचे संकेत मोफत असतात आणि त्यांना मोबाइल नेटवर्क लागत नाही. किमान चार उपग्रह मिळाले की यंत्राला आपले ठिकाण कळते. नकाशा मात्र उपग्रहाकडून येत नाही. तो यंत्रात साठवलेला असेल तरच दिसतो, नाहीतर इंटरनेटवरून यावा लागतो आणि घाटात नेटवर्क गेले की कोऱ्या पडद्यावर नुसता ठिपका सरकत राहतो. म्हणून दुकानात यंत्राचे इंटरनेट बंद करायला सांगावे, दूरच्या एखाद्या गावाचे नाव टाकावे, मार्ग मागावा, आणि मग मुद्दाम दुसरे गाव टाकून मार्ग बदलून पाहावा. हे इंटरनेटशिवाय जमले नाही तर ते यंत्र घाटासाठी घेऊ नये. फोनच वापरायचा असेल तर निघण्याच्या आदल्या रात्री संपूर्ण भागाचा नकाशा उतरवून ठेवावा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशावर आधारलेली ऑरगॅनिक मॅप्ससारखी ॲप या कामासाठीच बनवलेली आहेत.

विक्रेता ‘नाविक’चा उल्लेख करील. जीपीएससारख्याच भारताच्या या उपग्रह प्रणालीचा पहिला उपग्रह जुलै 2013मध्ये सोडण्यात आला आणि तिचे उपग्रह आपल्या आकाशात बराच वेळ उंचावर असतात, ही जमेची बाजू खरीच. पण ज्यांच्या अचूक वेळेवर ठिकाणाचा हिशेब अवलंबून असतो ती आण्विक घड्याळे तिच्या काही उपग्रहांवर बंद पडली होती हेही लक्षात ठेवावे. उंच इमारतींच्या गल्लीत किंवा कड्याच्या कुशीत आकाशाचा थोडाच भाग दिसतो, त्यामुळे जीपीएसबरोबर रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, आपली नाविक अशा अनेक प्रणालींचे संकेत घेणारे यंत्र निवडावे.

सर्वांत जास्त वेळ नकाशाच्या परीक्षेला द्यावा. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा डिसेंबर 2022मध्ये आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025मध्ये खुला झाला; हा शेवटचा टप्पा यंत्रात दिसत नसेल तर नकाशा जुना आहे असे समजावे आणि तो अद्ययावत करण्याची पद्धत, वारंवारता व शुल्क लेखी विचारून घ्यावे. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर ही नावे, तसेच त्यांची जुनी नावे टाकून दोन्हींनी तेच शहर सापडते का ते पाहावे. वडगाव, पिंपळगाव, नांदगाव या नावांची गावे राज्यात कितीतरी आहेत. शोधाच्या यादीत तालुका आणि जिल्हा स्पष्ट दिसला नाही तर माणूस भलत्याच गावाला निघतो आणि चूक तासाभराने लक्षात येते. आपल्या मूळ गावाचे नाव वाडीसह, देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही प्रकारे टाकून पाहणे ही सर्वांत खरी कसोटी आहे. मराठीत सूचना देणारा आवाज असल्यास तो तिथेच ऐकावा, कारण गावांची नावे चुकीची उच्चारली गेली तर ऐनवेळी वळण कळत नाही.

नकाशा ताजा असला तरी त्याला पाणी दिसत नाही. जानेवारी 2021मध्ये अकोले तालुक्यात कळसूबाईकडे निघालेली पुण्याची एक गाडी, नकाशाने दाखवलेल्या वाटेवरचा पूल पाण्याखाली असल्यामुळे, रात्रीच्या अंधारात धरणाच्या पाण्यात गेली आणि तीत एकाचा जीव गेला. त्यामुळे यंत्रात सर्वांत जवळचा नव्हे, तर मोठ्या रस्त्याचा मार्ग निवडण्याची सोय आहे का ते तपासावे आणि ती निघण्यापूर्वी सुरू करावी. वाहनाचा प्रकार दुचाकी नसून चारचाकी ठेवलेला आहे याचीही खात्री करावी. पावसाळ्यात वरंधसारखा घाट वाहतुकीला बंद असू शकतो, हे जिल्हा प्रशासनाच्या सूचनांतून आदल्या दिवशी पाहून घ्यावे. रात्री अनोळखी आडवाट दाखवली गेली तर गाडी थांबवून गावातल्या माणसाला विचारावे.

समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळच्या सुमारे 8 किलोमीटरच्या बोगद्यात उपग्रहांचा संकेत मिळत नाही. गाडीच्या कंपनीनेच बसवलेली काही यंत्रे चाकांच्या गतीवरून बोगद्यातही ठिकाणाचा अंदाज ठेवतात. फोनकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये आणि बोगद्यानंतर लगेच येणारी वळणे आत शिरण्यापूर्वी पाहून ठेवावीत. उड्डाणपुलावर चढायचे की खालच्या रस्त्याने जायचे, हे चित्रासह दाखवणारे यंत्र शहरात फार उपयोगी पडते.

बसवण्याच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे तर, यंत्र काचेच्या मधोमध किंवा एअरबॅगच्या झाकणावर लावू नये. एप्रिल-मेच्या उन्हात ते उभ्या गाडीत ठेवून जाऊ नये. काचेवर धातूचा थर असलेली फिल्म असेल तर संकेत क्षीण होतो, म्हणून अँटेना कुठे बसणार ते आधी विचारावे. अँड्रॉइड स्टिरिओ बसवताना मूळ वायर कापू न देता कपलरनेच, म्हणजे वायरच्या टोकाला बसणाऱ्या तयार जोडणीनेच, जोडायला सांगावे आणि त्याची नोंद विम्यात करून घ्यावी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 2020च्या दुरुस्तीनुसार गाडी चालवताना फोनचा वापर केवळ मार्ग पाहण्यासाठी, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, करता येतो. तेव्हा ठिकाण टाकण्याचे काम गाडी उभी असतानाच उरकावे किंवा शेजारी बसलेल्याकडे सोपवावे.

खरेदी झाल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी, पूर्ण माहीत असलेल्या रस्त्यावर एक फेरी दिवसा आणि एक रात्री मारावी. सूचना वळणाच्या पुरेशा आधी मिळते का, रात्री पडदा डोळ्यांवर येतो का आणि चार्जर जोडलेला असूनही बॅटरी उतरते का, हे पाहावे. तोवर पावती आणि खोका जपून ठेवावा.