पहिली इता बॅग घेताना: आधी बिल्ले मांडा, मग बॅग शोधा

आवडत्या ॲनिमेतल्या पात्राचे, गायक गटाचे किंवा संघाचे बिल्ले, किचेन, फोटोकार्डं पारदर्शक खिडकीमागे मांडून मिरवायची पिशवी म्हणजे इता बॅग. हा शब्द जपानचा. ‘इताई’ म्हणजे दुखणारं, बघणाऱ्याच्या डोळ्यांना खुपेल इतकं सजवलेलं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मुलं-मुली आता ही बॅग ऑनलाइन मागवतात, आणि बहुतेकांची पहिली बॅग एकाच कारणाने चुकते: रंग आणि आकार बघून बॅग घेतात, आणि घरी आल्यावर बिल्ले त्यात मावत नाहीत. म्हणून सुरुवात बॅगेपासून करू नका, तुमच्याकडे असलेल्या वस्तूंपासून करा.

जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरा. लावायच्या सगळ्या वस्तू त्यावर मांडा. पुढच्या वर्षी घ्यायच्या नाहीत, आज हातात आहेत त्याच. चांगली दिसेल अशी रचना जमली की तिच्याभोवती चौकोन आखा, चारही बाजूंना एक सेंटिमीटर मोकळं सोडा आणि कापून घ्या. हा कागद पाठीला किंवा कमरेशी लावून आरशात बघा. अंगावर तो फार मोठा वाटला तर वस्तू कमी करा. या कागदाची लांबी-रुंदी हे तुमच्या खिडकीचं माप. विकणारे बहुतेक वेळा बॅगेचं बाहेरचं माप देतात. तुम्हाला हवं असतं शिलाईच्या आत दिसणाऱ्या पारदर्शक भागाचं माप. ते लिहिलेलं नसेल तर विचारा, पट्टी ठेवून काढलेला फोटो मागा. तेही मिळत नसेल तर ती बॅग सोडून द्या.

बिल्ल्यांचा हिशेब सोपा आहे. नेहमीचा गोल बिल्ला 57 मिमीचा असतो, कव्हरसह एका बिल्ल्याला 60 मिमी जागा धरा. खिडकी 25 सेंमी रुंद आणि 19 सेंमी उंच असेल तर सरळ ओळींत चार गुणिले तीन, म्हणजे 12 बिल्ले बसतात. मधमाशीच्या पोळ्यासारखे एकाआड एक लावले तर ओळींमधलं अंतर 52 मिमीवर येतं, पण दुसऱ्या ओळीत तीनच मावतात. 4-3-4 मिळून 11. म्हणजे या खिडकीत ती रचना तोट्याची. तीच खिडकी 22 सेंमी उंच असेल तर चित्र उलटं होतं: सरळ मांडणीत 12च, पण एकाआड एक मांडले तर चार ओळी बसतात आणि 14 बिल्ले होतात. 75 मिमीचे मोठे बिल्ले असतील तर 78 मिमी धरून असाच हिशेब करा. फोटोकार्ड साधारण 55 × 85 मिमी असतं, त्याला कव्हरचे दोन-तीन मिमी वाढवा.

बदामाच्या आकाराची खिडकी फोटोत फार छान दिसते. पहिल्या बॅगेला मात्र ती नको. वरच्या खाचेत आणि खालच्या टोकात गोल बिल्ला बसत नाही, आणि फोटोकार्डांना तर ती अगदीच गैरसोयीची. साधी आयताकृती खिडकी, गोल केलेले कोपरे, काळी किंवा मातकट रंगाची बॅग: यात पुढे आवड बदलली तरी मांडणी बदलता येते.

खिडकीचा कप्पा किती खोल आहे हेही बघा. नुसत्या बिल्ल्यांना दीड-दोन सेंमी पुरे. छोट्या कापडी बाहुल्या लावायच्या असतील तर निदान पाच सेंमी हवेत. कप्पा उथळ असला की बिल्ले प्लास्टिकला टेकतात, चालताना घासतात आणि उन्हाळ्यात चिकटतात.

आता आपल्याकडचा मुख्य प्रश्न, पाऊस. खानापूरच्या बाजूला जून ते सप्टेंबर छत्री खाली ठेवायला मिळत नाही, आणि बेळगावातही फार वेगळं नसतं. बिल्ला म्हणजे पातळ लोखंडी पत्रा, त्यावर छापलेला कागद आणि वर प्लास्टिकची झिल्ली. पाणी समोरून शिरत नाही, मागच्या दुमडलेल्या कडेतून शिरतं. कागद फुगतो, चित्राला डाग पडतो, मागे गंज चढतो आणि तो गंज खालच्या कापडालाही लागतो. म्हणून खिडकीच्या कप्प्याची चेन बॅगेच्या आतल्या बाजूला असलेलीच बॅग घ्या. बाहेरून उघडणारा कप्पा हाताळायला सोपा असतो, पण पाणी पहिल्यांदा चेनमधूनच झिरपतं, आणि गर्दीच्या एसटीत कुणाचाही हात तिथे सहज पोचतो.

दुसरी कमजोर जागा खिडकीच्या कडेची टीप. प्लास्टिकमध्ये सुईने पडलेलं भोक कापडासारखं मिटत नाही. टाके फार जवळजवळ असतील तर पोस्टाच्या तिकिटासारखी फाटायची रेघच तयार होते, आणि ती आधी कोपऱ्यात फाटते. कडेवरून पट्टी किंवा पायपिंग फिरवून शिवलेलं असेल तर ताण वाटला जातो. बॅग हातात आली की कोपऱ्याजवळ बोटाने हलकं दाबून बघा. भोकं लांबट होताना दिसली तर ती परत करा.

खिडकीचं प्लास्टिक बहुधा पीव्हीसी असतं. त्याला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं. छापील फोटो आणि रबरी किचेन थेट त्याला टेकू देऊ नका. शाई उठते, फोटो चिकटतो. रबरी किचेन ॲक्रिलिकच्या किचेनला टेकून महिनोन्‌महिने राहिलं तर ॲक्रिलिकवर चिकट खड्डे पडतात. फोटोकार्डाला पॉलिप्रॉपिलीनचं कव्हर घाला, बिल्ल्यांनाही कव्हर घाला आणि रबरी वस्तू वेगळ्या कोपऱ्यात लावा.

बिल्ले थेट बॅगेच्या अस्तराला टोचू नका. अस्तर भोकांनी झिजतं, ओझ्याने लोंबतं आणि मांडणी बदलायची म्हणजे सगळं उपसावं लागतं. काढता येणारी पाटी आत सरकवायची. बॅगेबरोबर ती येत नसेल तर घरी तासाभरात होते.

फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात सनबोर्डचे, म्हणजे हलक्या फोमच्या ताठ पाटीचे, उरलेले तुकडे असतात. 3 मिमी जाडीचा मागा. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून कप्प्यात घालून बघा आणि कप्प्याच्या आतल्या मापापेक्षा चारही बाजूंनी 4 मिमी कमी ठेवा, कारण कापड गुंडाळल्यावर जाडी वाढते. कोपरे गोल करा, नाहीतर तेच शिलाईला टोचतात. सनबोर्डवर एक थर फेल्टचा (दाबून केलेल्या जाड, मऊ कापडाचा) लावा, त्यावर तुमच्या आवडीचं कापड, मागे दोन सेंमी दुमडण्याइतकं जास्त. चिकटवायला दोन्ही बाजूंची टेप वापरा. फेव्हिकॉल ओला असतो, तो कापडातून वर येऊन डाग पाडतो. कापड आधी समोरासमोरच्या बाजूंनी ताणा, मग उरलेल्या दोन, शेवटी कोपरे. एकाच बाजूने ओढत गेलात तर वीण तिरकी होते आणि बिल्ल्यांच्या ओळी वाकड्या दिसतात.

कापड एकरंगी, न चमकणारं घ्या. वडगाव-शहापूरच्या साडीचा तुकडा किंवा गुळेदगुड्डचा खण घरात असतोच आणि मोह होतो. खणाची वीण फार देखणी आहे, पण ती बारीक नक्षी बिल्ल्यातल्या चित्राशी भांडते, आणि पिनेची भोकं त्यात उठून दिसतात. खण वापरायचाच असेल तर पाटीच्या कडेला तीन सेंमीची पट्टी लावा. काठासारखी शोभते.

सेफ्टी पिनचा बिल्ला लावताना पिन कापड आणि फेल्ट दोन्हींतून घ्या, सनबोर्डपर्यंत जायची गरज नाही. पिन बिल्ल्याच्या मध्यापेक्षा वर राहील असा लावा; खाली राहिली तर बिल्ल्याचं डोकं पुढे झुकून खिडकीला टेकतं. धातूच्या एनॅमल पिनेचा खिळा मात्र पाटीच्या आरपार जातो. तो साधारण 8 मिमीचा असतो आणि मागच्या टोपीला त्यातला निम्मा तरी लागतो. म्हणूनच पाटी 3 मिमीची. 5 मिमीचा सनबोर्ड घेतला तर टोपी नीट बसत नाही. रबरी टोप्या सैल होत जातात, महागाच्या पिनेला घट्ट बसणारी लॉकची टोपी लावा. जड वस्तू खाली आणि मध्यावर ठेवा. ॲक्रिलिकची किचेन लोंबकळत ठेवली तर एकमेकांना ओरखडे पाडतात, म्हणून खालचं टोकही दोऱ्याच्या एका टाक्याने बांधा.

14 बिल्ले, सनबोर्ड आणि कापड मिळून पाव किलोच्या आसपास भरतं. ते फार नाही, पण त्यात वह्या-डबा वाढला की खांद्याचा पट्टा जिथे बॅगेला जोडलाय तिथे ताण येतो. त्या जागी चौकोनात फुली अशी शिलाई आहे का बघा. रोजच्या कॉलेजच्या बॅगेचं काम इता बॅगेकडून घेऊ नका.

मनासारखी तयार बॅग मिळाली नाही तर बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून किंवा गाडीची सीट कव्हरं शिवणाऱ्याकडून साध्या बॅगेला खिडकी बसवून घेता येते. पारदर्शक शीट 0.5 मिमीची न्या. 0.3 ची चुरगळते, 1 मिमीची कोपऱ्यात वळत नाही आणि थंडीत तडकते. टाका 3 ते 4 मिमी लांब ठेवायला सांगा. प्लास्टिक मशीनच्या पायाला चिकटतं, त्यासाठी वर पातळ कागद ठेवून शिवायचं आणि नंतर कागद फाडून काढायचा. टाचण्या लावू देऊ नका, त्यांची भोकं कायमची राहतात. कपड्यांचे चिमटे चालतात. घडीच्या सुरकुत्या पडल्या असतील तर थोडा वेळ कोवळ्या उन्हात सपाट ठेवा. इस्त्री कधीच नाही.

वापरताना, गाडी चालवणाऱ्याने पाठीला लावू नये, मागे बसणाऱ्याची छाती खिडकीवर घासते. बसमध्ये वरच्या रॅकवर टाकू नका; मांडीवर, खिडकी स्वतःकडे करून ठेवा. महाराजांचा किंवा देवाचा बिल्ला लावला असेल तर तो वरच्या ओळीत लावा आणि बॅग पायाशी ठेवायची वेळ येणार असेल तर पाटी काढून वेगळी घ्या. पाटी सरकवायची केल्याचा हाही एक फायदा.

पावसातून घरी आलात की आधी पाटी बाहेर काढा, बिल्ले पाठीमागून कोरड्या कापडाने टिपा आणि पंख्याखाली ठेवा. कप्पा रात्रभर उघडा राहू द्या. पावसाळ्यात कप्प्यात सिलिका जेलची पुडी टाका. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. कपाटात डांबरगोळ्यांच्या शेजारी बॅग ठेवू नका, त्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं. खिडकी पुसायला साबणाचं पाणी आणि चष्म्याचं कापड पुरतं. नेलपॉलिश काढायचं द्रव आणि सॅनिटायझर ॲक्रिलिकला लागलं तर बारीक तडे जातात, आणि ते कशानेही जात नाहीत.