मूल 'काका'ला 'ताता' म्हणतंय? आधी हे करा

तीन वर्षांचं मूल 'गाडी'ला 'दाडी' म्हणायला लागलं की कुणी वेखंड उगाळून चाटवायला सांगतं, कुणी जिभेखालची शीर कापून घ्यायला. कृपा करून यातलं काही लगेच करू नका. बहुतेक वेळा दोष जिभेचा नसतोच.

आधी आठवडाभर एका वहीत लिहून काढा: शब्द कोणता आणि मूल तो कसा म्हणालं. 'काका–ताता', 'गाडी–दाडी' असं दिसलं, तर जिभेच्या मागच्या भागाने काढायचे क आणि ग मूल पुढे दातांपाशी आणतंय. म्हणजे चुकीलाही नियम आहे, आणि ही चांगली खूण आहे.

मग वय बघा. प, ब, म लवकर येतात, कारण ओठ मिटलेले बाळाला दिसतातही. क-ग साधारण तीन-साडेतीन वर्षांपर्यंत बसतात. र, श, जोडाक्षरं मागाहून. 'ळ'साठी तर जीभ मागे वळवून टाळूवर फटकारावी लागते. चार वर्षांचं मूल 'घर'ला 'घल' आणि 'शाळा'ला 'शाला' म्हणालं, तर घाबरू नका.

रोजच्या बोलण्यात मात्र एक पथ्य पाळा. 'ताती आली' म्हटलं की 'असं नाही, पुन्हा म्हण' म्हणू नका. 'हो, काकी आली! काकीने काय आणलं?' असं म्हणा. बरोबर शब्द दोनदा कानावर पडतो आणि गप्पाही तुटत नाहीत. पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायला लावलं, तर बोलकं मूलही मिटून जातं. लाडाने आपणही बोबडं बोलणं टाळा.

शंका आली तर पहिली तपासणी कानांची. कमी ऐकणारं बाळही सुरुवातीचे महिने हुंकार देतं, त्यामुळे घरच्यांना कळत नाही. पुढची 'बाबाबा' अशी बडबड मात्र उशिरा येते. वारंवार सर्दी होऊन कानात पाणी साठलं, तरी अस्पष्ट ऐकू येतं.

10 महिन्यांपर्यंत 'बाबाबा' नाही, दीड वर्षापर्यंत एकही शब्द नाही, किंवा तीन वर्षांच्या मुलाचं निम्मं बोलणंही बाहेरच्यांना कळत नाही, तर बालरोगतज्ज्ञांना विचारून स्पीच थेरपिस्टकडे जा. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मुंबईत वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. 'मुलगे उशिराच बोलतात' हे ऐकून वर्ष घालवू नका. आणि बोलत असलेलं मूल बोलायचं थांबलं, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात दाखवा.