उन्हाळ्यात फिश टँकमधल्या रोपांचं खत-पाणी : बोअरच्या पाण्याचा हिशेब धरून

होळी झाली की आमच्याकडे दोन काळज्या एकदम सुरू होतात. मोसंबीला पाणी पुरेल का, आणि पोरीच्या फिश टँकमधली रोपं पावसाळ्यापर्यंत तग धरतील का. बाग अंबड तालुक्यात, टँक घरातल्या हॉलमध्ये, पण पाणी एकाच बोअरचं. पहिल्या उन्हाळ्यात मी टँककडे लक्षच दिलं नाही. शोभेची वस्तू म्हणून सोडून दिलं. एका रात्री पोरीनं मोबाईलचा टॉर्च लावून अमेझॉन सोर्ड या टँकमधल्या रोपाचं पान दाखवलं. मधलं कोवळं पान पिवळट पांढरं, शिरा तेवढ्या हिरव्या, आणि जुनी पानं ठणठणीत. मी म्हटलं, अगं, हे तर लोह कमी पडल्याचं, आपल्या मोसंबीवर दर वर्षी येतं. पाऊस लागून राहिला की चुनखडीच्या रानात सोयाबीनही असंच पिवळं पडतं.

तेव्हापासून टँकलाही बागेसारखंच बघतो. मार्च ते जून या चार महिन्यांसाठी जे उपयोगी पडलं ते इथं देतो. बाटलीवर छापलेला डोस थंड हवेच्या आणि मऊ पाण्याच्या गावाला चालत असेल. आपल्याकडे पाणी जड, हवा कोरडी आणि बदलायला पाणी नाही. म्हणून खत थोडं, पण नेमकं द्यायचं.

आधी पाण्याचं बघू. आपल्या काळ्या पाषाणातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतं, सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठ. ठिबकसाठी पाणी तपासलं असेल तर तोच कागद काढा. सामू, ईसी (पाण्यात क्षार किती ते दाखवणारी विद्युत वाहकता), कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट हे आकडे टँकलाही तेवढेच लागू. ईसी १ (डेसीसायमन प्रति मीटर) असेल तर लिटरमागे साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार आहेत असं समजायचं. कागद नसेल तर कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बाटलीभर पाणी द्या, आणि त्यात नायट्रेटही मोजायला सांगा. शेतातल्या बोअरमध्ये वर्षानुवर्षांचा युरिया झिरपलेला असतो. पिण्याच्या पाण्याची नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि टँकमधल्या रोपांना १० ते २० मिलिग्रॅम पुरतं. म्हणजे काही जणांच्या पाण्यातच नत्र (नायट्रोजन) गरजेपेक्षा जास्त असेल. त्यांनी नत्राची बाटली आणूच नये.

आता उन्हाळ्यातली खरी खोड. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये वाळू-दगड वजा जाता साधारण ४५ लिटर पाणी बसतं. मे महिन्यात पंख्याखाली त्यातलं रोज एक लिटर उडालं असं धरा. उडतं ते पाणी, क्षार जागेवरच राहतात. तुम्ही रोज बोअरचं एक लिटर ओतलंत आणि त्यात ८०० मिलिग्रॅम क्षार असतील, तर महिन्याला २४ ग्रॅम क्षार टँकमध्ये वाढले. म्हणजे लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त भर. काचेच्या वरच्या कडेला पांढरी पापडी दिसते ती हीच, माठाच्या बुडाशी बसते तशी. म्हणून उडालेलं पाणी भरून काढायला आरओचं नाहीतर जारचं पाणी घ्या, आणि बदलायचं असेल तेव्हाच बोअरचं. उलट, सगळा टँकच आरओवर चालवत असाल तर त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळपास नसतं आणि रोपं वेगळ्याच उपाशीपणानं खुरटतात. निम्मं बोअर, निम्मं आरओ हे मिश्रण बहुतेकांना जमतं.

बाहेरच्या व्हिडिओंत एक पद्धत फार सांगितली जाते : रोज भरपूर खत घाला आणि आठवड्याला निम्मं पाणी फेकून द्या, म्हणजे जास्तीचं आपोआप निघून जातं. पद्धत चुकीची नाही, पण ती आपल्या गावची नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, आणि इथं बादल्या ओतून द्यायच्या म्हणे! उन्हाळ्यात आठवड्याला पाचवा हिस्सा बदललं तरी पुष्कळ, आणि तेही मोरीत जाऊ देऊ नका. नायट्रेट असलेलं ते पाणी जास्वंदीला, कढीपत्त्याला घाला. टँकमध्ये माशांच्या आजारावर मीठ किंवा औषध टाकलं असेल तेव्हा मात्र नको. पाणी कमी बदलायचं ठरलं की खतही कमीच द्यावं लागतं, नाहीतर ते साठत जातं आणि त्यावर शेवाळ फावतं.

खत कोणतं? घरात ठिबकची विद्राव्य खतं असतील तर वेगळं महागडं काही आणायची गरज नाही. पण सगळी चालत नाहीत, आणि हे मी मासे मारून शिकलोय. १९:१९:१९ ची चिमूट टाकली होती (हे आकडे म्हणजे ओळीनं नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, आणि पालाश म्हणजे पोटॅशियम, यांचे टक्के), सगळंच मिळेल म्हणून. सकाळी सगळे गप्पी पाण्यावर तोंड काढून हापसत होते, दोन तर पालथे. त्या खतातल्या नत्राचा मोठा भाग युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो. पाणी ३० अंशाचं आणि सामू ७ असेल तर अमोनियाचा विषारी भाग शंभरात एकाहून कमी असतो, पण सामू साडेआठ झाला की तो शंभरात वीसवर जातो. जड पाण्याच्या टँकमध्ये युरिया, डीएपी, १९:१९:१९, १२:६१:० यातलं काही नको, आणि ताजं शेण तर मुळीच नको.

चालतात ती अशी. १३:०:४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, नत्र आणि पालाशसाठी. ०:५२:३४ स्फुरदासाठी. नत्र आधीच जास्त असेल तर १३:०:४५ ऐवजी ०:०:५०. हा प्रकार फार जणांचा असतो, कारण मासे भरपूर आणि पोरं दिवसातून चारदा दाणे टाकतात. मग नत्र-स्फुरद माशांच्या विष्ठेतूनच मिळतं, आणि कमी पडतो तो पालाश आणि लोह.

अर्धा लिटरच्या बाटलीत ३० ग्रॅम १३:०:४५ आणि ३ ग्रॅम ०:५२:३४ आरओच्या पाण्यात विरघळवा. ग्रॅमच्या खालचं मोजणारा छोटा काटा घ्या, चमच्याच्या अंदाजावर जाऊ नका. १३:०:४५ विरघळताना बाटली हाताला गारगार लागते, घाबरायचं कारण नाही, ते खत पाण्यातली उष्णता ओढून घेतं. या द्रावणाचे ५ मिली ४५ लिटरच्या टँकमध्ये टाकले की लिटरमागे नायट्रेट सुमारे ४, पालाश अडीच आणि फॉस्फेट अर्धा मिलिग्रॅम वाढतं. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा एवढंच. रोपं दाट असून जोमात वाढत असतील तर दोनदा. मासे जास्त असतील तर १३:०:४५ आणि ०:५२:३४ दोन्ही सोडून ३० ग्रॅम ०:०:५० त्याच मापानं बनवा. ते विरघळायला वेळ घेतं, हलवत राहा. बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

लोहाची बाटली वेगळी, आणि दिवसही वेगळा. स्फुरद आणि लोह एकत्र आले की एकमेकांना धरून तळाशी बसतात, रोपाला दोन्ही मिळत नाहीत. फेरस सल्फेट आपल्या पाण्यात टाकणं म्हणजे गंज टाकणं. चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रेणूनं धरून विरघळतं ठेवलेलं लोहच लागतं, पण धरणारा रेणू कोणता यानं फरक पडतो. दुकानात सहज मिळतं ते ईडीटीए, ते सामू साडेसहाच्या वर लोहाला धरून ठेवत नाही. डीटीपीए साडेसातपर्यंत टिकतं. ईडीडीएचए त्याहून चढ्या सामूलाही सोडत नाही, फक्त पाण्याला लालसर झाक आणतं. मोसंबीला आणलेलं ईडीडीएचए असेल तर चिमटीतल्या चिमटीनं वापरा, लाली चालवून घ्या. ईडीटीए किंवा डीटीपीए असेल तर अर्ध्या लिटरला २ ग्रॅम, त्यातले ५ मिली आठवड्यातून दोनदा, दिवा लागायच्या आधी. बाटली अंधारात ठेवा, उजेडानं चिलेट फुटतं. फवारणीचं ग्रेड २ सूक्ष्म अन्नद्रव्य मात्र टँकला जुळत नाही. त्यात जस्त ३ टक्के, लोह अडीच टक्के आणि तांबं १ टक्का असतं. कोळंबी ठेवली असेल तर तांब्यापासून लांबच राहा.

पान वाचायची रीत शेतातलीच. जुनं पान आधी बिघडलं तर नत्र, स्फुरद, पालाश किंवा मॅग्नेशियम, कारण रोप ते जुन्या पानातून काढून नव्याला देतं. कोवळं पान आधी बिघडलं तर लोह किंवा कॅल्शियम. जुन्या पानावर टाचणीनं टोचल्यासारखी भोकं आणि त्याभोवती पिवळी कड दिसली की पालाश कमी. जुनं पान पिवळं होऊन पारदर्शक झालं की नत्र. काचेवर नखानंही निघत नाहीत असे हिरवे ठिपके बसायला लागले तर स्फुरद वाढवून बघा. बिघडलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, त्याची वाट बघत डोस वाढवत बसू नका. ते कापा आणि पुढचं पान कसं येतं ते बघा, दहा-पंधरा दिवस तरी द्या.

खतापेक्षा उन्हाळ्यात मरतं ते गरमीनं. बहुतेक रोपांना २२ ते २८ अंश मानवतं, आणि परभणी-नांदेडला बाहेर ४२-४३ असताना बंद खोलीतला टँक सहज ३३ वर जातो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो : २५ अंशाला लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३३ ला सुमारे ७.२. आणि रात्री रोपंही प्राणवायू खातात. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात. माठ गार होतो तीच गोष्ट, आणि आपली कोरडी हवा इथं तरी कामाला येते. साखर-यीस्टची बाटली लावून कार्बन डायऑक्साइड देणाऱ्यांनी एप्रिल-मे मध्ये ती काढून ठेवा. गरमीत ती उसळते, दोन दिवसांत सगळा वायू सोडते आणि पहाटे मासे गुदमरतात. द्रवरूप कार्बन म्हणून मिळतं त्यानं वॅलिसनेरिया विरघळते. तिला त्याची गरजही नाही, ती आणि हायड्रिला आपल्या जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनच कार्बन घेतात. उन्हाळ्यात नवीन रोप आणायचंच असेल तर या दोन्ही, किंवा ब्राह्मी, अनुबियास. दिवा सहा तास पुरे, टायमरवर, आणि लोडशेडिंगची वेळ बघून. इन्व्हर्टरवर दिव्याआधी एअर पंप जोडा.

अमेझॉन सोर्ड, क्रिप्टोकोरिन ही मुळानं जेवणारी रोपं. पाण्यात कितीही खत घाला, त्यांना मुळाशीच हवं. इंचभर गाळाची माती आणि त्यावर दीड-दोन इंच धुतलेली वाळू बसते. मातीवर व्हिनेगर टाकून फसफसली तर चुनखडी आहे, ती नको. निव्वळ काळी माती फुगते आणि हात लागला की टँक गढूळ करते. वाळूत काडी खुपसल्यावर सडक्या अंड्याचा वास आला तर तळ कोंडलाय, हलक्या हातानं उकरा.

शेडनेटखाली सिमेंटच्या हौदात विक्रीसाठी रोपं वाढवणाऱ्यांनी याच मापाचा हिशेब लिटरवर करावा. फक्त हौद नवा असेल तर चुन्याचा अंश निघेपर्यंत दोन-तीनदा पाणी भरून सोडून द्यावं, नाहीतर सामू नऊच्या पुढं जातो.

जूनमध्ये पहिले दोन-तीन पाऊस पत्रा धुवायला सोडा, मग पन्हाळीखाली स्वच्छ ड्रम लावा. ते पाणी आरओसारखंच बिनक्षाराचं असतं. टँकमध्ये एकदम ओतू नका, दर दोन दिवसांनी एक बादली, आणि तोवर लोहाचा डोस तसाच चालू ठेवा.