लाटा आलेली किनार

मी टेक्सासात लाँगआर्म मशीनवर, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या कापडावरून फिरणाऱ्या लांब हाताच्या शिलाई मशीनवर, लोकांचे क्विल्ट (इकडच्या गोधड्या) टिपून देते. गेल्या महिन्यात एका ताईंचा क्विल्ट फ्रेमवर चढवला, तर किनार, म्हणजे कडेनं जोडलेली पट्टी, नुसती लाटांसारखी उठली. मोजला: मधोमध 80 इंच, कडेला चक्क 83! पट्टी न मोजता लावत गेलं आणि टोकाला उरलेली कापून टाकली, की हेच होतं. माझी आजी गोधडी टिपताना झोळ हातानं सारत न्यायची. मशीनला ते जमत नाही, चुणी पडतेच.

तीन इंच काही टिपण्यात जिरत नाहीत. फोन करून ताईंना खरं ते सांगितलं, त्यांच्या होकारानंतरच किनार उसवली. क्विल्ट तीन ठिकाणी मोजून सरासरीइतकी पट्टी कापली, अर्ध्या-पावाच्या खुणा जुळवून टाचण्या लावल्या, मग शिवली.

खालच्या किनारीत मात्र अर्धाच इंच जास्त होता. तिथे स्टार्च मारून वाफेची इस्त्री दाबली, अजिबात ओढली नाही. आत फुगीर लोकरीचं बॅटिंग (मधला भरावाचा थर) घातलं, झोळ टाचण्यांनी सारखा वाटला आणि वर दाट वेलबुट्टी टिपली. फ्रेमवरून उतरवून जमिनीवर पसरला, चारही कोपरे सपाट बसले.