शेडचा लोखंडी सांगाडा उभारताना कुठे थांबायचं, काय तपासायचं

चाकण, रांजणगाव, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत चक्कर मारा, एखादी तरी लोखंडी शेड उभी राहताना दिसेलच. पूर्ण झालेली शेड वादळवारा पेलते. खरा धोका अर्धवट सांगाड्याला असतो. डिझायनरचा हिशोब सगळे पर्लिन (छताचे पत्रे ज्यांवर बसतात ते आडवे भाग), ब्रेसिंग (सांगाडा कलू नये म्हणून दिलेले तिरके आधार) आणि बोल्ट जागेवर आहेत असं धरून केलेला असतो. इरेक्शन, म्हणजे उभारणी, चालू असताना यातलं बरंचसं जमिनीवरच पडलेलं असतं आणि माणसं मात्र वर चढलेली असतात. म्हणून पुढच्या तपासण्या कामाच्या क्रमानेच करा. एक पुरी झाल्याशिवाय पुढचं काम सुरू होऊ देऊ नका.

आधी कागद

काम सुरू होण्याआधी कंत्राटदाराकडून मेथड स्टेटमेंट लेखी घ्या. कुठली फ्रेम (दोन कॉलम आणि त्यांवरचे छताचे तुळईसारखे राफ्टर मिळून होणारी चौकट) आधी, क्रेन कुठे उभी राहणार, तात्पुरता आधार कसा देणार, हे त्यात असलंच पाहिजे. लोखंडी बांधकामाच्या इरेक्शनसाठी आयएस ७२०५ हे सुरक्षेचं स्वतंत्र भारतीय मानक १९७४ पासून आहे, त्यामुळे "असं कोणी मागत नाही" हे उत्तर ऐकून घेऊ नका.

पायाचे बोल्ट

कॉलम येण्याआधी फाउंडेशन बोल्टची लाइन, लेव्हल आणि आटे तपासा. काँक्रीटच्या क्यूब टेस्टचा (ठोकळा दाबून केलेल्या मजबुतीच्या चाचणीचा) अहवाल बघा. तारखा मोजून "झालं असेल पक्कं" म्हणणं पुरेसं नाही. बेसप्लेटचं, म्हणजे कॉलमच्या तळाच्या प्लेटचं, भोक बोल्टवर बसत नसेल तर ते गॅसने कापून मोठं करायचं नाही, आणि बोल्ट घणाने वाकवायचा तर अजिबातच नाही. डिझायनरला फोन करा. त्यात एखादा दिवस गेला तरी जाऊ द्या.

क्रेन आणि स्लिंग

हायड्रा (भार उचलून चालणारी क्रेन) १२ टनांची आहे, म्हणून ती कसाही १२ टन उचलेल असं नसतं. तो आकडा बूम (क्रेनचा लांब हात) आखूड आणि भार अगदी जवळ असतानाचा. बूम लांबवला, भार पुढे गेला, की क्षमता झपाट्याने घसरते. ऑपरेटरच्या केबिनमध्ये लोड चार्ट (किती अंतरावर किती भार उचलायचा याचा तक्ता) आहे का आणि त्याला तो वाचता येतो का, हे विचारा. आणखी एक, हायड्राचा बूम ऑपरेटरच्या समोरच असतो, त्यामुळे त्याला पुढचं नीट दिसत नाही. भार घेऊन हायड्रा चालत असेल तर सिग्नलमन हवाच. तो एकच असावा आणि इशारे फक्त त्यानेच द्यावेत. भाराला दोन्ही टोकांना दोरी बांधा, म्हणजे तो हाताने धरून वळवण्याची वेळ येणार नाही. जवळून विजेची तार जात असेल तर आधी महावितरणकडून लाइन बंद करून घ्या.

स्लिंगचा, म्हणजे भार हुकाला अडकवणाऱ्या दोराचा किंवा बेल्टचा, कोन बहुतेक जण बघतच नाहीत. दोन टनांचा राफ्टर दोन पायांच्या स्लिंगने उचलला, तर स्लिंग आडव्या रेषेशी ६० अंशांत असताना प्रत्येक पायावर साधारण १.१५ टन येतात. ४५ अंशांत १.४ टन, आणि ३० अंशांत पूर्ण दोन टन! भार तोच, पण स्लिंग पसरली की ताण वाढतो. बेल्ट स्लिंगचा रंग तिची क्षमता सांगतो: जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन. कडेला चिरलेली किंवा लेबल गेलेली बेल्ट तिथल्या तिथे कापून टाका. नुसती बाजूला ठेवली, तर संध्याकाळी घाईत तीच पुन्हा वापरली जाते.

पहिला गाळा

गाळा म्हणजे दोन फ्रेममधली जागा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पहिली फ्रेम उभी राहते तेव्हा तिला शेजार नसतो. लांब, अरुंद राफ्टर पर्लिनशिवाय कडेवर उभ्या धरलेल्या पट्टीसारखा असतो, तो स्वतःच्या वजनानेही बाजूला कलू शकतो. त्यामुळे कामाची सुरुवात ब्रेसिंगच्या गाळ्यापासूनच करायची. प्रत्येक कॉलम उभा राहताच त्याला चारही बाजूंनी गाय रोप (जमिनीशी ताणून बांधलेले आधाराचे दोर), ओळंब्यात घेतला की पायाचे सगळे नट घट्ट. दोन फ्रेम उभ्या झाल्या की त्यांच्यामध्ये पर्लिन, फ्लॅंज ब्रेस (राफ्टरची खालची कड पर्लिनला धरून ठेवणारे तुकडे) आणि छताची व भिंतीची क्रॉस ब्रेसिंग पूर्ण करा. मगच तिसरी फ्रेम उचला. चार-पाच फ्रेम उभ्या करून ब्रेसिंग "नंतर एकदम मारू" म्हणणारा फोरमन भेटला, तर काम थांबवा. तेवढा अधिकार स्वतःकडे ठेवा.

क्रेनचा हूक सोडण्याआधी प्रत्येक जोडाला किमान दोन बोल्ट पान्याने आवळलेले हवेत. हाताने फिरवलेला नट धरायचा नाही.

आणि एखादा भाग वाकलेला दिसला, तर तो आधीपासूनच तसा होता का, यावर वाद घालत बसू नका. कॅनडातल्या क्वेबेक पुलाच्या बांधकामात दाबाखालचे भाग वाकू लागल्याचं अभियंत्यांना दिसलं होतं, तरी काम चालूच राहिलं. २९ ऑगस्ट १९०७ रोजी तो पूल नदीत कोसळला आणि ७५ कामगार गेले.

उंचीवरची माणसं

हार्नेस (अंगावर बांधायचा सुरक्षा पट्टा) फुल बॉडी आणि दोन हूकवाली हवी, म्हणजे जागा बदलताना एक हूक कायम अडकलेला राहतो. हूक डोक्याच्या वर अडकवा. १.८ मीटरची दोरी, शॉक ॲब्सॉर्बर (झटका शोषणारी घडी) उलगडल्यावरची लांबी आणि माणसाची उंची धरली, तर अडकवलेल्या जागेखाली सुमारे सहा मीटर मोकळे लागतात. चार मीटरवर पायाशी हूक अडकवलेला माणूस हार्नेस घालूनही जमिनीवर आदळेल.

लाइफलाइनचे, म्हणजे हूक अडकवायच्या ताणलेल्या तारदोराचे, क्लिप जवळ जाऊन बघा. प्रत्येक टोकाला किमान तीन हवेत. क्लिपचा यू (U आकाराचा बोल्ट) दोराच्या मोकळ्या, छोट्या टोकावर आणि खोगीर (क्लिपचा खाचेचा तुकडा) भाराच्या बाजूवर. उलटे बसवलेले क्लिप भाराचा दोर चेपतात, आणि असे उलटे क्लिप साइटवर सर्रास दिसतात.

हार्नेसला लटकलेल्या माणसाला काही मिनिटांतच खाली आणावं लागतं, नाहीतर पायात रक्त साठून राहून जीव जाऊ शकतो. खाली कोण, कसं आणणार, हे सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्येच (काम सुरू होण्याआधीच्या छोट्या सुरक्षा बैठकीतच) ठरवा. पत्रे चढवताना पारदर्शक एफआरपी (फायबरच्या) पत्र्यावर कुणीही पाय ठेवायचा नाही, ही ताकीदही तेव्हाच द्या.

संध्याकाळी, आणि गाय रोप सोडताना

एप्रिल-मे महिन्यांत वळीव दुपारनंतर अचानक येतो. रोज काम बंद करताना एक फेरी मारा: एकटी फ्रेम उभी नाही ना, गाय रोप ताणलेले आहेत ना, छतावर सुटे पत्रे नाहीत ना. वादळ होऊन गेलं असेल तर सकाळी कुणालाही वर चढवण्याआधी ओळंबा आणि नट पुन्हा तपासा.

गाय रोप सगळ्यात शेवटी निघतात. सगळी ब्रेसिंग आवळली गेली, बेसप्लेटखालचं ग्राउट (पोकळी भरणारं सिमेंटचं मिश्रण) भरून पक्कं झालं आणि डिझायनरने लेखी होकार दिला, मगच एका टोकाकडून एकेक सोडत जा.