खुरसाकडची लादाईन, वाड्यावर माणसं कमी असतील तर कशी करायची

आधी सांगतो, मी ख्रिश्चन नाही. पण उत्तर गोव्यात बार्देशातल्या आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, खुरीस (रस्त्याकडेचा क्रूस) आमच्या दारापासून वीस पावलांवर आहे, आणि ख्रिश्चन घरं अकरा, त्यातली सहा बंद. कोण स्विंडनला, कोण लिस्बनला, कोण गल्फात. त्यामुळे मे महिन्यातली लादाईन, म्हणजे खुरसापुढची गाऊन म्हणायची प्रार्थना, आता आम्ही सगळे मिळूनच करतो आणि बऱ्याच चुका करून शिकलोय, त्या तुम्हाला नकोत म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट, लादाईनीला पाद्री लागत नाही. मिस (चर्चमधली मुख्य उपासना) वेगळी, लादाईन वेगळी. ही प्रार्थना वाड्यावरचीच माणसं म्हणतात, फिर्गजीच्या (आपल्या भागातल्या चर्चच्या) पाद्रीबाबना आधी कानावर घातलं की झालं, आले तर बरंच. लागतो तो म्हणणारा माणूस आणि जमलं तर व्हायोलिनवाला (आमची तिया, म्हणजे मावशी, व्हायोलिनला अजून रेबेकच म्हणते). त्याला मार्चातच फोन करा. मेमधे एकेका संध्याकाळी त्याला दोन-तीन खुरसांकडे जायचं असतं, आणि आम्ही एकदा एप्रिलच्या शेवटी विचारलं तर वेळ मिळाली रात्री नऊची, म्हाताऱ्या माणसांनी तोवर जेवून घेतलं होतं. तारीख मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत घ्या, नंतर पावसाचा भरवसा नाही.

खुरसाचं काम दोन दिवस आधी. चुना मारायचा, गवत कापायचं, पताका लावायच्या. फुलं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतली तर स्वस्त पडतात, पण लादाईन मंगळवारी असेल तर चार दिवसांत त्या झेंडूचं काय होतं ते मी पाहिलंय, तेव्हा आदल्या दिवशीच आणा. मेणबत्त्या भरपूर, आणि वारा असतो म्हणून काचेचे ग्लास घरोघरून गोळा करून ठेवा, प्लास्टिकचे नको, वितळतात.

आता खरी अडचण. लादाईन म्हणजे मरियामायेच्या नावांची माळ, इटलीतल्या लोरेटोची, 1587 मधे पोपनी मान्यता दिलेली. एक जण नाव घेतो, बाकीचे उत्तर देतात. आमच्याकडे अजून लॅटिनमधेच म्हणतात, वरचा सूर, खालचा सूर, सगळं. पूर्वी उत्तर द्यायला चाळीस गळे असायचे, आता पाच बायका आणि एक म्हातारा, तोही अर्ध्यात खोकतो. म्हणणारा कितीही चांगला असू दे, समोरून उत्तर आलं नाही की लादाईन पडते. म्हणून शेजाऱ्यांनी, लादाईनीनंतर खायला देतात ते चणे वाटण्याच्या आधी, उत्तर द्यायला शिकावं असं माझं मत. अवघड काही नाही. सुरुवातीला 'किरिये एलेइसोन', ते म्हणणाऱ्याच्या मागोमाग म्हणायचं. मग देवाची नावं चार, त्यांना 'मिझेरेरे नोबिस', म्हणजे आमच्यावर दया कर. 'सांक्ता मारिया' ऐकलं की तिथून शेवटपर्यंत 'ओरा प्रो नोबिस', म्हणजे आमच्यासाठी प्रार्थना कर, एवढंच पन्नासेक वेळा. शेवटी 'आग्नुस देई' तीनदा येतं आणि तिन्ही उत्तरं वेगळी, तिथे गप्प राहून तियाकडे बघायचं.

प्रार्थनेची पुस्तकं बहुतेक रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, असतात आणि आमच्या पोरांना रोमी कोंकणी वाचता येत नाही, म्हणून मी सगळं देवनागरीत मोठ्या अक्षरात टाईप करून झेरॉक्स काढल्या. टाईप करताना एक गंमत कळली. 2020 च्या जूनमधे पोप फ्रान्सिसनी या माळेत तीन नावं नवीन घातलीत, त्यातलं एक 'सोलासियुम मिग्रांतियुम', स्थलांतर करणाऱ्यांचा आधार. आमच्या म्हणणाऱ्याच्या जुन्या वहीत ते नव्हतं. मी त्याला दाखवलं, तो म्हणाला चाल बसत नाही रे पुता. मग तिया बंद घरांकडे हात करून म्हणाली, बसय मरे. बसवली त्याने, थोडी ओढूनताणून. तुमच्याकडची वही पण तपासा.

चण्यांचं गणित: सुके चणे 1 किलो वीस माणसांना पुरतात. रात्रभर भिजवा, मीठ घालून मऊ उकडा, खोबऱ्याचे काप वरून. पाणी नीट निथळू द्या नाहीतर कागदाच्या पुड्या भिजून फाटतात (हे पण आमच्याकडेच झालंय). पोरांना सरबत, मोठ्यांना हवी तर थोडी फेणी किंवा वाईन, पण ते सगळं गोंयच्या सायबाचं (सेंट फ्रान्सिस झेवियरचं) गाणं आणि 'व्हीवा'चा जयजयकार झाल्यावर, आधी बाटली दिसली की मागची रांग प्रार्थनेत राहत नाही. फटाके दोन-चारच, आणि कुत्री बांधून ठेवा. स्पीकर लावू नका, तीस-चाळीस माणसांना कशाला हवा, त्यात गळे दबतात.

कुणाची आंगवण असेल, म्हणजे नवस, तर त्या घराला मेणबत्ती लावायचा मान द्या, हिंदू घर असलं तरी. आमच्या आईने माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला बोलली होती, ती तेलाची बाटली घेऊन आली, कुणी काही विचारलं नाही. लादाईन संपली की पोरं मोठ्यांकडे बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागतात, तेव्हा तुमच्यापुढे पण कुणी हात जोडून उभं राहिलं तर गोंधळू नका, डोक्यावर हात ठेवा.

परदेशातल्यांना व्हिडिओ कॉल लावायचा तर लावा, पण म्यूट करून, त्यांचं 'ओरा प्रो नोबिस' दोन सेकंद उशिरा येतं आणि सगळ्यांची लय जाते. आणि माणसं पुड्या घेऊन पांगायच्या आत पुढच्या वर्षी चणे कोणाकडे ते तिथल्या तिथे ठरवा. आमच्याकडे यंदा कोणी हात वर केला नाही, तर तियाने पातेलं सरळ माझ्या पायरीवर आणून ठेवलं.