कापूस वेचणाऱ्या बोटांसाठी शाईचा पेन

दिवाळीच्या आगेमागे पऱ्हाटी फुटली की आमची बोटं बोंडांच्या टोकांनी पार सोलून निघतात. दिवसभर वेचून आल्यावर रात्री बचत गटाचं रजिस्टर घेऊन बसलं, तर बॉलपेन दाबायला अंगठ्यात जोरच राहत नसे. म्हणून दारव्ह्याच्या बाजारातून मी पहिला शाईचा पेन आणला. त्याला दाबावं लागत नाही, निब कागदाला टेकली की शाई आपसूक उतरते. आता गटातल्या बाया विचारतात, बाई, कोणता घ्यावा? तर ऐका.

दोनशे रुपयांच्या आत चांगला पेन मिळतो. टोपणाची चमक मागाहून बघा, आधी निब उजेडाकडे धरा. मधली चीर सरळ हवी आणि टोकाचे दोन्ही भाग एका पातळीत हवेत, एक वर एक खाली नको. मग शाईत बुडवून लिहून बघू द्या म्हणा. कागद मात्र घरचा न्या, ज्यावर रोज लिहायचं तोच. दुकानातल्या गुळगुळीत कागदावर सगळेच पेन छान चालतात. हात सैल सोडून, पेनाच्या नुसत्या वजनानं, इंग्रजी आठाचा आकडा चार-पाच वेळा काढा. त्यात निब सगळ्या दिशांनी फिरते. कुठं खरखरली किंवा कोरडी गेली तर दुसरा पेन मागा, लाजू नका. एकाच डब्यातले दोन पेन सारखे चालतीलच असं नाही. रजिस्टरचा कागद पातळ असतो, शाई फुटते, मागं उमटते. त्यासाठी बारीक निबच घ्या.

शाई भरायची सोय बघूनच पैसे द्या. कार्ट्रिजचा, म्हणजे शाई भरलेली छोटी नळी आत बसवायचा पेन सोपा, पण तालुक्याला कार्ट्रिज मिळाली नाही की अडतं. मी रिकामी कार्ट्रिज मेडिकलमधल्या सिरिंजनं भरते. ड्रॉपरनं थेट पोटात शाई भरायचा पेन स्वस्त असतो आणि त्यात शाईही भरपूर मावते. पण आपल्याकडचा उन्हाळा ध्यानात ठेवा. शाई कमी झाली की पोटात हवा वाढते. हाताच्या उबेनं ती फुगते आणि शाईला बाहेर ढकलते, मग पानावर टपकन डाग. म्हणून मी अर्ध्याच्या खाली जाऊच देत नाही. पेनाचे दोन भाग जिथं फिरवून बसतात त्या आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं की तिथून पाझरत नाही.

शाई फाउंटन पेनचीच घ्या. मी एकदा मुलीच्या चित्रकलेच्या सामानातली काळी ड्रॉइंग शाई भरली होती. तसल्या शाईत लाख असते, बांगड्यांना वापरतात ती, ती आत वाळून बसली आणि पेन गेला तो गेलाच. कॅम्लिनची साधी निळी शाई मला पुरते. १९३१ साली मुंबईत दांडेकरांनी शाईची पूड आणि वड्या करून ज्या धंद्याची सुरुवात केली, तोच हा. आमचे आबा वडी पाण्यात विरघळवून दौत भरायचे, आम्हाला तयार बाटली मिळते.

एक गोष्ट मात्र कडक पाळा. ही शाई पाण्यानं धुऊन जाते. एका पावसाळ्यात कौल गळलं आणि आमच्या रजिस्टरची दोन पानं निळीशार झाली. तेव्हापासून कर्जाची रक्कम, सही आणि बँकेचे कागद बॉलपेननं. बैठकीत कोण काय बोललं, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं म्हणून हप्ता पुढं ढकलला, ते सगळं शाईनं.

लिहिताना पेन फार उभा धरू नका, थोडा कलता ठेवा, निबेची वरची बाजू आभाळाकडे. मोटरसायकलवर जाताना खिशात निब वर राहील असा खोवा, धक्क्यांनी शाई टोपणात उडते.

महिन्यातून एकदा धुवा. गरम पाणी नको, साबण नको. निब आणि खालची जीभ साध्या पाण्यात ठेवायची, पाणी बदलत राहायचं. मळणीच्या दिवसांत आठ-आठ दिवस लिहिणं होत नाही, तेव्हा शाई काढून पेन धुऊनच ठेवते. पाणी निवळ आलं की ग्लासात सुती फडकं घालून त्यात निब खाली करून रात्रभर उभा ठेवते, आणि सकाळी चहा उकळेपर्यंत भरून घेते.